दंडावरचं नाव

रविवारी सकाळी हेमाली पालघरहून एनसीसीची परेड करून आली आणि गणवेश न बदलता मागच्या दाराच्या पायरीवर बसून राहिली. एरवी ती आल्या आल्या बूट काढून भिंतीला टेकवायची आणि 'वहिनी, भूक!' अशी आरोळी ठोकायची. आज बूटसुद्धा पायातच होते.

भावना शिरा ढवळत होती. आज तिच्या पाच वर्षांच्या हिनाचं गोंदण होतं, ओटीवर माणसं जमायला लागली होती, आणि हात थांबवला तर रवा खाली लागला असता. तरी तिचं लक्ष पायरीकडे होतं. बेटेगावहून लग्न करून ती सातपाटीच्या या घरात आली तेव्हापासून तिला एक सवय जडली होती. कोण कुठे बसलंय आणि रोजच्या जागी का बसलेलं नाही, हे ती बघत राहायची.

"काय गं? मॅडम ओरडल्या?"

"नाही."

"उद्याच्या प्रॅक्टिकलचं टेन्शन?"

"वहिनी, शिरा लागतोय तुझा."

लागत नव्हता. भावनाने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि नणंदेच्या शेजारी येऊन बसली. हेमालीने खाकी शर्टाची डावी बाही वर सरकवली. दंडावर, खांद्यापासून चार बोटं खाली, हिरवट निळी अक्षरं होती. वर 'मंजुळा', खाली 'सातपाटी'. घराच्या बोटीचं नाव आणि गावाचं नाव. असंच भावनाच्या नवऱ्याच्या, निमेशच्या दंडावर होतं.

"हे चालत नाही," हेमाली म्हणाली.

"कुठे?"

"सैन्यात. आज मॅडमनी मुलाखतीच्या कागदांसाठी सगळ्यांच्या अंगावरच्या खुणा बघितल्या. कोपरापासून मनगटापर्यंत, आतल्या बाजूला असतं तर चाललं असतं म्हणे. दंडावर नाही."

"कुणी सांगितलं नव्हतं आधी?"

"बोईसरच्या क्लासमध्ये डोळे सांगितले, वजन सांगितलं, गुडघे सांगितले. हे कुणी बोललंच नाही. मलाही कुठे सुचलं? हे माझ्या अंगावर आहे हे माझ्या लक्षातच नसतं, वहिनी. तीळ असतो ना, तसं."

"मग आता?"

"बोईसरला त्वचेचे डॉक्टर आहेत. मॅडमनी तिथूनच फोन लावला. लेझरला महिनोन् महिने लागतात. पण एवढंसंच आहे, कापून टाके घालता येतील म्हणाले. मंगळवारी या म्हणाले." हेमालीने बाही खाली ओढली. "उद्या प्रॅक्टिकल संपतंय, पुढच्या आठवड्यात थिअरी सुरू. मधे हीच फट आहे. नंतर केलं तर मुलाखतीपर्यंत जखम भरणार नाही, आणि तिथे मैदानी चाचणीत दोरावर लटकायचंय."

या पोरीची तीन वर्षं तिने जवळून पाहिली होती. अंधारात उठून शिरगावच्या किनाऱ्यावर धावायला जायचं, येऊन कडक राहावा म्हणून पेजेच्या पाण्यात गणवेश बुडवायचा, कॉलेज, परेड, संध्याकाळी बोईसरचा क्लास. गणवेश बोंबलांच्या शेजारी वाळायचा आणि कॉलेजातल्या मुली नाक मुरडायच्या, म्हणून पुढे पुढे तो गच्चीत वाळायला लागला. केमिस्ट्रीच्या सरांनी दोनदा सांगितलं होतं, एक काहीतरी धर. एनसीसीच्या मॅडमनीही तेच सांगितलं होतं. दोघांनाही ती 'हो' म्हणून आली होती. या सगळ्यात घरातलं तिच्या वाट्याचं काम भावनाकडे आलं होतं, आणि भावना मनातल्या मनात धुसफुसलीही होती.

"तुला काय वाटतं?" तिने विचारलं.

"काही वाटतच नाहीये. मघापासून तेच शोधतेय." हेमाली हसल्यासारखं करून म्हणाली, "परेडला गेले की सॉल्ट ॲनालिसिस आठवतं. लॅबमध्ये सरांनी प्रश्न विचारला की टाचा जुळतात. परवा तर मी त्यांना 'जय हिंद सर' म्हणाले, हातात टेस्टट्यूब होती. खरंच मला ऑफिसर व्हायचंय की मला फक्त परेड आवडते? तू सांग."

"मी काय सांगू?"

"आज बोलू नको कुणाला. पाहुणे जाऊ देत. बाबांना मी सांगते सावकाश."

"नाही बोलत," भावना म्हणाली.

तिने तसं अगदी मनापासून म्हटलं होतं.

*

हेमालीचा बाप कमलाकांत ओटीवर पाटावर बसला होता. समोर मनोरच्या बाजारात गोंदायला बसणारा माणूस बॅटरीच्या मशीनची सुई पुसत होता. बोट आज मुद्दाम बंदरात ठेवलेली. थोरली बहीण जयवंती तारापूरहून सकाळीच येऊन टेकली होती आणि आल्यापासून तिचं तोंड थांबलं नव्हतं.

"मशीन बरी हाय रं. आमाला त्या बाईनं सुयांनी टोचलेलं. हा कमल्या असा भोकाड पसरलेला की बोटीवरली मानसं धावत आली."

"आक्का, पोरांसमोर नको."

"का? बोटीचा तांडेल झालास म्हनून रडला नव्हतास काय?"

ओटीवर हशा पिकला. कमलाकांतही हसला. आज त्याला बरं वाटत होतं. नात गोंदवून घेणार, मुलगी ऑफिसर होणार. सुरुवातीला त्यानेच नाही म्हटलं होतं, पोरीच्या जातीला बंदूक कशाला म्हणून. मग एके दिवशी तोच पालघरला जाऊन तिच्यासाठी धावायचे बूट घेऊन आला, आणि बंदरावर सगळ्यांना सांगत सुटला. असं का झालं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"आन रं हिनाला," त्याने निमेशला सांगितलं.

निमेश आत गेला आणि एकटाच बाहेर आला. त्याच्या मागून भावना आली, डोक्यावर पदर, हात रिकामे.

"बाबा, आज हिनाचं नको."

"ताप हाय काय?"

"ताप नाही."

"मग?"

"तिला पुढे काय व्हायचं असेल, ते आपल्याला आज माहीत नाही." भावनाने एका दमात सांगितलं. "मोठी झाल्यावर तिला वाटलं तर ती गोंदवून घेईल."

"हे कधीपासून?" कमलाकांतची बायको वत्सला आतून आली. हाताला अजून मासळीचा वास होता, बाजारातून नुकतीच टोपली उतरवली होती तिने. "परवाच तर फ्रॉक शिवायला टाकलास."

"परवा मला ठाऊक नव्हतं." भावनाने मागे दाराकडे पाहिलं. हेमाली तिथे उभी होती, मान हलवून नको नको म्हणत. भावनाने नजर वळवली. "हेमालीच्या दंडावरच्या नावामुळे तिला सैन्यात घेत नाहीत. कापून काढावं लागणार आहे. मंगळवारी."

गोंदणाऱ्याने सुई हळूच डबीत ठेवली.

"वहिनी," हेमाली एवढंच म्हणाली.

कमलाकांतला पहिल्यांदा वाटलं, सुनेची काहीतरी चूक झालीय. मग त्याने मुलीच्या तोंडाकडे पाहिलं.

"कापून? काय कापून?"

"चामडी, बाबा. थोडीशी."

"माझ्या आईचं नाव?"

त्याला दंड आठवला नाही, डहाणूच्या पलीकडचा एक किनारा आठवला. वादळात बोट उलटली होती, आणि त्याचा बाप, रामनाथ, कितीतरी दिवसांनी दूरच्या कुठल्याशा वाळूवर सापडला होता. सापडला असं म्हणायचं. चेहरा राहिला नव्हता. कंबरेच्या करगोट्यावरून माणसांनी ठरवलं की हाच रामनाथ असणार, आणि अकरा वर्षांच्या कमलाकांतने त्याला अग्नी दिला. तो बापच होता, असं छातीठोकपणे आजवर कुणी सांगू शकलं नव्हतं. त्यानंतर त्याच्या आईने, मंजुळाने, दोन्ही पोरांना धरून दंडावर बोटीचं आणि गावाचं नाव टोचून घेतलं. मनगटाजवळ नाही, तिथे दोर घासून घासून कातडी जाते. दंडावर, कारण दंड शाबूत राहतो.

"तुला सांगितलंय ना ते कशासाठी असतं?" तो मुलीला म्हणाला.

"सांगितलंय."

"आन तरी?"

"मी अजून काही ठरवलेलं नाही, बाबा! मला कुणी बोलू देईल तर."

"आपण मच्छीमार सोसायटीचं पत्र आणू," निमेश मधे पडला. "ही आमची रीत आहे म्हणून. तुझ्या वर्गात ती लाडकी नावाची मुलगी आहे ना, तिच्या कपाळावर गोंदलेलंय, तिला कसं चालतं?"

"ते आदिवासी आहेत, दादा. त्यांच्या रूढीला सूट आहे. आपण त्यात येत नाही. मी विचारलं मॅडमना."

"म्हंजे तिची रीत ती रीत, आन आमची काय हौस?" कमलाकांत म्हणाला.

"मी काय कायदा केलाय?"

"नको तो कायदा," वत्सला म्हणाली. "मी आधीपासून सांगते. बोईसरला कंपनीत लॅबमधी बस, पंख्याखाली. परीक्षा दे नि बस. कापाकापी कशाला?"

हे ऐकून कमलाकांतला बरं वाटायला हवं होतं, बायको त्याच्या बाजूने बोलत होती. पण त्याला रागच आला. "लॅबमधी बसायला ती तीन वरसं धावली काय?"

"आता! तुमीच तर म्हनता कापू नको."

"मी म्हनतो कापू नको. जाऊ नको कुठं म्हनतो?"

"दोन्ही कसं होईल?"

त्याने जयवंतीकडे पाहिलं. घरातल्या रीतींचा शेवटचा शब्द तिचा असायचा.

जयवंती ब्लाउजची बाही वर करत होती. सुरकुतलेल्या दंडावर फिकट अक्षरं होती, 'जलदेवी, सातपाटी'.

"जलदेवी कुठं हाय?" तिने विचारलं. "सांग ना. मोडली, लाकडं विकली, त्या पैशात ही मंजुळा आली. मी तारापूरला राहते. नातू कंपनीत जातो, गळ्यात कार्ड घालून. उद्या मी खाडीत पडले नि कुनाला गावले, तर हे वाचून मला कुठं नेतील? सातपाटीला जलदेवी विचारत फिरतील."

"मग तू पुसशील काय?"

"मी? मेले तरी नाय!" जयवंती उसळून म्हणाली. "आईनं धरून बसवलेलं. तिचा हात हाय हा माझ्या दंडाव. मी नाय पुसनार."

"म्हंजे पोरीनं पुसू नये."

"तसं कुठं म्हनले?"

"मग काय म्हनतेस, आक्का?"

"मला काय म्हाइत!" जयवंतीने बाही खाली केली. तिचे डोळे भरले होते आणि ते कुणी पाहू नये म्हणून ती गोंदणाऱ्यावर खेकसली, "बगतोस काय? चा घे!"

निमेशला तोवर मार्ग सापडला होता. तो पुढे सरकला. "ऐका. आतल्या बाजूला चालतं ना? मनगटाच्या वर? मग दंडावरचं काढू, आणि हेच नाव आत गोंदू. माणूस समोर बसलाय. आजच करू."

ओटीवर एकदम हलकं वाटलं. 'हां, हे बरोबर', 'हे आधी कसं सुचलं नाही' असं सगळे बोलू लागले. कमलाकांतलाही सुटल्यासारखं झालं. गोंदणाऱ्याने डबी पुन्हा उघडली. कुणीतरी हेमालीसाठी पाट सरकवला.

"तिला विचारलं का?" भावना म्हणाली.

"तू आता गप ऱ्हा," निमेश म्हणाला. "तूच लावलेली आग आहे."

"हो, मी लावली. माझ्या पोरीसाठी लावली, तिच्याशी खोटं बोलून. मला ठाऊक आहे ते." भावनाने हेमालीकडे पाहिलं नाही. "तरी तिला विचारा."

सगळे वळले. हेमाली दारातच होती, पाठ ताठ, हात बाजूला. ती अशी उभी राहिली की तिला काय वाटतंय ते कळायचं नाही.

"आत नको," ती म्हणाली.

"का गं? तितं तर चालतं."

"ठाऊक नाही का. नको."

"आजीचं नाव नको?"

"आजीचं नाव नको असं नाही, बाबा. मला... मी सांगू शकत नाहीये. पण नको."

"माझ्याव कुठं हाय?"

ही वत्सला बोलली होती. तिने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.

"या घरात सुनांना गोंदत नाय. लेकी नि लेक, बस. मी एवढी वरसं डोक्याव टोपली घेऊन पालघरला जाते, फाटकं वलांडते, टेंपोला लटकते. मी कुठं पडले तर मला कसं वळखनार होतात तुमी? इचारलं का कुनी कधी? या भावनाला तरी इचारलं?"

कमलाकांतने बायकोच्या रिकाम्या दंडाकडे पाहिलं. खरंच कधी विचारलं नव्हतं. आईने सांगितलं नव्हतं म्हणून विचारलं नव्हतं, आणि आईला तरी कुणी गोंदलं होतं? तीही सूनच. तिच्या अंगावर स्वतःचं नावसुद्धा नव्हतं. हा विचार त्याच्या मनात पहिल्यांदाच आला आणि त्याचं पुढे काय करायचं ते त्याला कळेना.

"आई, मघाशी तू म्हणालीस लॅबमध्ये बस," हेमाली म्हणाली.

"आताबी तेच म्हनते. पन कापायचं नाय ते या नावासाठी नाय. तुला दुखंल म्हनून."

कमलाकांत उठला. "याला शिरा द्या," तो गोंदणाऱ्याकडे बोट करून म्हणाला, "आन जाऊ द्या." पायात चपला सरकवून तो बंदराकडे निघून गेला. हिनाचं आज नाही, की कधीच नाही, की मंगळवारचं काय, ते कुणालाच कळलं नाही. हिना आतून धावत आली आणि नवा फ्रॉक घालूनही सुई न टोचताच माणूस कसा चाललाय, म्हणून रडायला लागली.

*

मंगळवारी हेमाली एकटीच निघाली. भावना बरोबर येते म्हणाली होती. हेमालीने नको म्हटलं, आणि तिचा आवाज हवा त्यापेक्षा कडक निघाला. कालच्या प्रॅक्टिकलला तिने सॉल्ट बरोबर ओळखलं होतं. सर म्हणाले होते, एमएस्सीला ये, तुझा हात स्थिर आहे. ते तिला आवडलं होतं, आणि आवडलं म्हणून रात्रभर छळत राहिलं होतं.

नाक्यावर रिक्षाजवळ बाबा उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, लग्नाला निघाल्यासारखे.

"बोटीवर नाही गेलात?"

"निमेश गेला." ते रिक्षात तिच्या शेजारी बसले. पुढे बोईसरच्या रस्त्याला कंपन्यांचा वास आला तेव्हा नाकाला रुमाल लावून एवढंच म्हणाले, "मासळीला नावं ठेवतात लोक."

दवाखान्यात त्यांनी डॉक्टरांसमोर चपला काढल्या. डॉक्टर म्हणाले, काका, घाला, काही हरकत नाही. त्यांनी घातल्या नाहीत.

"ते कापल्याव काय करता त्याचं?"

"कशाचं? त्या तुकड्याचं? काही नाही, कचऱ्यात जातो. तपासणीची गरज नाही."

"मला मिळंल काय?"

डॉक्टरांनी हेमालीकडे पाहिलं. तिलाही हे नवीन होतं. "घरी न्यायचंय?" त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, हो. का ते त्यांनी सांगितलं नाही, आणि डॉक्टरांनी विचारलंही नाही.

इंजेक्शनचं दुखलं, नंतर काही नाही. कुणीतरी कापडावर बोट ओढावं तसं वाटत राहिलं. हेमालीने छताकडे पाहत तिसऱ्या ग्रुपचे रिएजंट आठवायचा प्रयत्न केला, मग मुलाखतीत विचारतात तो प्रश्न, तुम्ही सैन्यात का येऊ इच्छिता. क्लासमध्ये पाठ करून घेतलेलं उत्तर होतं. आता त्यातलं पहिलं वाक्यही येईना. कात्रीचा बारीक आवाज आला. तिला एकदम रडू फुटलं. नर्स म्हणाली, "दुखतंय?" ती म्हणाली, "नाही, नाही, करा तुम्ही."

बाहेर बाकावर बाबा बसले होते. नर्सने त्यांच्या हातात स्पिरिटची छोटी बाटली दिली. त्यांनी ती उजेडात धरली नाही, लगेच शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून हात ठेवला.

"काय करणार आहात त्याचं?"

"बोटीव नेईन. आत खोल पान्यात." बाकावर सरकून तिला जागा करत ते म्हणाले, "नारळ द्यायचा की पिंड, ते कळत नाय. तुझी आत्या म्हनते नारळ. तुझी आई म्हनते काय बी करू नका, पोरगी जिती हाय."

"दोघींचं बरोबर आहे."

"तेच तर."

हेमाली त्यांच्या शेजारी बसली. दंड बधिर होता, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. समोर रस्त्यावर कंपनीतून सुटलेली माणसं गळ्यात कार्डं लटकावून चालली होती, हिंदीत मोठमोठ्याने हसत.

"तिकडं काय असतं?" बाबांनी विचारलं. "वळखायला?"

"नंबर देतात. धातूची चकती असते, गळ्यात."

"बरी असते? गंजत नाय?"

"नाही गंजत."

त्यांनी मान हलवली. खिशावरचा हात काढला नाही. मग रस्त्याकडेच बघत म्हणाले, "आन नाय घेतलं तर? मुलाखतीतून परत धाडलं तर? हे बी गेलं, ते बी नाय. मग?"

हे तिच्या मनात आलंच नव्हतं. मॅडमनी नाही, क्लासमध्ये नाही, कुणीच हे विचारलं नव्हतं. आतापर्यंत विचारलेल्या सगळ्या प्रश्नांपैकी या एकाचंच उत्तर तिच्याकडे होतं, हे कळून तिचं तिलाच नवल वाटलं.

"मग घरी येईन, बाबा," ती म्हणाली. "माझी मी. चालत."